घर सर्वांचे, भिंत कोणाची?

नव्या सदनिकेचा ताबा मिळतो, वास्तुशांत होते, पाहुणे पांगतात आणि मग रिकाम्या दिवाणखान्यात उभी राहिलेली घरातील माणसे प्रथमच एकमेकांना विचारतात, की येथे ठेवायचे काय? वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या कागदांवर पती-पत्नींनी अर्ध्या तासात सह्या केलेल्या असतात. सोफ्याच्या रंगावर मात्र दोन-दोन महिने एकमत होत नाही. यात हसण्यासारखे काही नाही. कर्जाची रक्कम एकच असते आणि ती बँक ठरवते. सोफ्यावर बसणारी शरीरे मात्र वेगवेगळी असतात आणि भिंतीवरील चित्राकडे पाहणाऱ्या नजरा त्याहूनही वेगळ्या.

गृहसजावटीची माहितीपत्रके घराला एकच मालक आणि त्या मालकाला एकच आवड असल्याचे गृहीत धरून लिहिलेली असतात. प्रत्यक्षात मुंबई-पुण्याकडील बहुतेक घरे सामाईक असतात. कोठे नवविवाहित जोडपे, कोठे दोन पिढ्या एका छताखाली, कोठे दोघे भाऊ आणि त्यांची कुटुंबे, तर कोठे नोकरीनिमित्त एकत्र राहणारे चौघे. अशा घरात लाकूडसामान आणि चित्रे या दोन गोष्टींना एकाच न्यायाने तोलता येत नाही. खुर्ची शरीरासाठी असते आणि तिचा वापर सर्वांना करावा लागतो, म्हणून ती सर्वांनी मिळून ठरवावी. चित्र मनासाठी असते, आणि चार मनांना सारखेच भावणारे चित्र क्वचितच सापडते, म्हणून भिंती वाटून घ्याव्यात. अनेक घरांत नेमके याच्या उलट घडते. फर्निचर घरातील एक कमावती व्यक्ती किंवा सजावटकार ठरवतो आणि चित्र मात्र कोणाचीच हरकत येऊ नये अशा बेताने निवडले जाते. परिणामी कोणालाच न आवडणारा, दुकानातून सोफ्याच्या रंगाला जुळवून आणलेला एखादा धबधबा वर्षानुवर्षे भिंतीवर राहतो.

कपाट एक, खण प्रत्येकाचा

जुन्या मराठी घरात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण निवडीला वावच नव्हता. ओसरीवर सतरंजी आणि लोड-तक्के, माजघरात झोपाळा, जेवायला पाट, पूजेला चौरंग. सामान ठेवण्यासाठी भिंतीतच फडताळे आणि कोनाडे केलेले असत. विदर्भात झोपाळ्याला बंगई म्हणत, एवढाच काय तो फरक. या वस्तू कोणा एका व्यक्तीच्या नसत, त्या घराच्या असत. खुर्ची-टेबल सामान्यांच्या घरात आले ते इंग्रजी अमदानीत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर भरगच्च कोरीवकाम केलेले सोफे, मेजे आणि खुर्च्या तयार होऊ लागल्या आणि ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने त्या परदेशातही गेल्या. गोव्यातील जुन्या घरांत पोर्तुगीज वळणाच्या हातांच्या खुर्च्या आजही दिसतात.

पुढे चाळीतल्या दीड खोलीत घडीची खुर्ची, एक खाट, ट्रंका आणि पोलादी कपाट एवढाच संसार मावू लागला. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट बनवले आणि पुढे मराठी घरांत त्या कपाटाला कंपनीच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. कपाट एकच असे, परंतु आतला प्रत्येक खण कोणाचा हे ठरलेले असे. वरचा आईचा, मधला वडिलांचा, खालचे दोन मुलांचे आणि तिजोरीची किल्ली आजीच्या कमरेला. दुसऱ्याच्या खणात हात घालायचा नाही, हा नियम मोडला तरच भांडण होई. एवढ्याशा जागेत माणसांनी शोधलेली ही तोड सदनिकेच्या भिंतींनाही लागू पडते. मात्र तेथपर्यंत पोहोचण्याआधी जमिनीचा हिशेब करणे आवश्यक आहे.

मोजपट्टी आधी, दुकान नंतर

दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब दिवाणखाना म्हणजे १५० चौरस फूट. त्यात आठ फुटी काटकोनी सोफा ठेवला तर सुमारे ३३ चौरस फूट जागा जाते. चौघांचे जेवणाचे टेबल वरवर पाहता चार फूट बाय अडीच फुटांचे असते, पण खुर्च्या मागे ओढून माणसे बसली की त्याला सात बाय साडेपाच फूट, म्हणजे जवळजवळ ३८ चौरस फूट लागतात. टीव्हीखालील कपाट आणि दाराची उघडझाप धरली की निम्मी खोली संपली. चालण्यासाठी किमान अडीच फुटांची वाट मोकळी राहिली पाहिजे. घरात काठी किंवा वॉकर वापरणारे कोणी असेल तर तीन फूट हवेत. दुकानात ही आकडेमोड सुचत नाही, कारण दुकानाची खोली मोठी असते आणि तिथे सोफा लहान भासतो. त्यापेक्षा जमिनीवर खडूने फर्निचरच्या आकृत्या काढाव्यात आणि दोन दिवस त्या न ओलांडता वावरून पाहावे. सोफ्याच्या खडूच्या रेषेला आजोबांची काठी अडली, तर ती प्रत्यक्ष सोफ्यालाही अडणार.

सोफ्याबाबत सर्वाधिक चूक उंचीत होते. हल्ली ठेंगण्या बैठकीच्या सोफ्यांची चलती आहे. त्यांची बैठक जमिनीपासून १४-१५ इंच असते. तरुणांना ती आरामशीर वाटते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र त्यातून उठताना दुसऱ्याचा हात मागावा लागतो. सर्वसाधारण बैठक १७ इंचांची आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी १८-१९ इंचांची, घट्ट गादीची आणि दोन्ही बाजूंना हात असलेली असावी. खोलीचाही, म्हणजे बैठकीच्या आतल्या मापाचा, विचार कोणी करत नाही. २४ इंच खोल सोफ्यावर पाठ टेकवून बसले की सव्वापाच फुटांखालच्या बहुतेकांचे पाय अधांतरी राहतात. घरातील सर्वांत ठेंगण्या व्यक्तीला दुकानात नेऊन पाच मिनिटे बसवावे, असा साधा उपाय आहे. ही व्यक्ती बहुधा घरातील स्त्री किंवा आजी असते आणि दुकानात जाताना तिलाच घरी ठेवले जाते.

सगळ्या बैठका एकाच संचाच्या हव्यात, हा आग्रहही दुकानदारांच्या सोयीचा आहे. माणसांची मापे निरनिराळी असताना खुर्च्याच तेवढ्या एकसारख्या का असाव्यात? साध्या सोफ्याशेजारी ज्येष्ठांसाठी वेताची, उंच पाठीची एक वेगळी खुर्ची ठेवली तर दिवाणखान्याची शोभा उणावत नाही.

एक खोली-दिवाणखान्याच्या घरात आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो. रात्री दिवाणखान्यात कोण झोपते? ते वृद्ध वडील असतील किंवा बारावीतला मुलगा, पण फर्निचर ठरवताना याच व्यक्तीचे मत बहुधा सर्वांत शेवटी घेतले जाते. सोफा-कम-बेड दिवसा देखणा दिसतो, परंतु अनेक प्रकारांत गादी जेमतेम चार इंचांची असते आणि तिच्याखालचा लोखंडी दांडा नेमका कमरेखाली येतो. विकत घेण्यापूर्वी त्यावर उताणे पडून पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही. रोज झोपायचे असेल तर खाली सामानासाठी खण असलेला, सपाट फळीचा दिवाण अधिक बरा. दिवसा त्यावर दोन तक्के टाकले की बैठक होते.

सामान घरात येणार कसे, हेही पाहावे लागते. लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि सदनिकेचा दरवाजा या तिन्हींची रुंदी-उंची कागदावर लिहून नेली नाही, तर सात फुटी कपाट तळमजल्यावरच अडते. अशा वेळी सुटे होणारे कपाट घ्यावे किंवा सुताराकडून घरातच करून घ्यावे. झोपाळ्याची हौस असेल तर छताला कड्या ठोकण्याआधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. हलत्या झोक्याचा ताण बसणाऱ्यांच्या वजनाहून अधिक असतो, आणि छताला भोक पाडताना आतील लोखंडी सळई कापली जाण्याचा धोका असतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे घर तेच छत पायाखाली घेऊन उभे असते.

साग, शिसव आणि प्लायवूड

सागवानाची महती उगाच नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी आणि ओल यांना ते दीर्घकाळ तोंड देते. हे गुण केवळ गाभ्याचे आहेत. खोडाच्या बाहेरील फिकट भागाला कीड लागते आणि तोही ‘साग’ म्हणूनच विकला जातो. गडचिरोलीतील आलापल्ली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या सागाला मोठे नाव आहे. शिसव अधिक जड आणि काळसर असते. आता ते बाजारात दुर्मीळ आहे, त्यामुळे घरात आजोबांच्या वेळची शिसवी खुर्ची असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

बहुतेक नवे फर्निचर प्लायवूडचे असते. भारतीय मानक ३०३ च्या प्लायवूडमध्ये दोन प्रती येतात. एमआर ही प्रत दमटपणा सोसते, कोरड्या खोलीतील कपाटाला ती पुरते. स्वयंपाकघरासाठी बीडब्ल्यूआर प्रत घ्यावी. सतत पाण्याशी संबंध येणार असेल तर मानक ७१० चे, म्हणजे ‘मरीन’ प्लायवूड वापरावे. भुशाचे दाब देऊन केलेले पार्टिकल बोर्ड स्वस्त पडते, पण एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगू शकतात. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते टाळलेलेच बरे.

सामाईक घरातील खरी वादाची वस्तू मात्र नव्या खरेदीतली नसते. ती असते सासूबाईंचे जुने कपाट. नव्या रंगसंगतीत ते बसत नाही, आणि ते काढा म्हणणे म्हणजे त्या माणसालाच बाजूला व्हा म्हणण्यासारखे ऐकू येते. अशा वेळी भावना क्षणभर बाजूला ठेवून वस्तूची परीक्षा करावी. खण बाहेर ओढून सांधे पाहावेत. ते खिळ्यांनी ठोकलेले नसून खाचेत खाच बसवून जोडलेले असतील, मागची फळी प्लायवूडऐवजी लाकडाची असेल आणि पायाशी पिठासारखा भुगा पडत नसेल, तर ते कपाट बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या कपाटांहून अधिक वर्षे टिकेल. जुने पॉलिश खरवडून नवे करणे, कड्या-मुठी बदलणे, एवढ्यावरच बहुतेक वेळा काम भागते. भुगा पडत असेल, तर मात्र ते नव्या लाकडाशेजारी ठेवू नये आणि कीडनाशकाची प्रक्रिया झाल्याखेरीज घरात आणू नये. जुन्या सामानाची आवड असणाऱ्यांसाठी मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीजवळील ओशिवरा, तर पुण्यात जुना बाजार ही ठिकाणे आहेत. नव्या फर्निचरसाठी उल्हासनगरची बाजारपेठ प्रसिद्ध आहे.

तसबिरींचे राजकारण

आता भिंती. मराठी घराच्या भिंतीवर प्रथम येतात त्या देवादिकांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी. देवांना घरोघरी जो चेहरा मिळाला त्यात राजा रविवर्मा यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना सुरू केला आणि तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत प्रती सामान्यांच्या देवघरात पोहोचल्या. आजही एखाद्या घरात तपकिरी पडलेली अशी तसबीर ‘जुनाट कॅलेंडर’ म्हणून माळ्यावर टाकली जाते. तिच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव दिसले, तर ती जपून उतरवावी आणि जाणकाराला दाखवावी. शंभर वर्षांपूर्वीच्या अस्सल प्रतींना आता संग्राहक शोधत फिरतात.

रविवर्म्यांच्या नावावर खपणारे एक चित्र मात्र त्यांचे नाही. हातातील निरांजनाच्या प्रकाशात उजळलेली स्त्री, हे असंख्य घरांत लागलेले चित्र मूळचे सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे आहे. १९४० च्या दशकात ते जलरंगात साकारले गेले आणि चित्रासाठी उभी राहिली होती ती चित्रकाराची कन्याच. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. घरात त्याची प्रत असेल तर खाली योग्य नाव लिहिण्यास काहीच खर्च येत नाही.

पूर्वजांच्या छायाचित्रांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिवाणखान्यात सासरच्या आजोबांची हार घातलेली तसबीर असते. सुनेच्या दिवंगत वडिलांचे छायाचित्र मात्र तिच्या कपाटाच्या दाराआड, आतल्या बाजूला चिकटवलेले आढळते. घराच्या हप्त्यात तिच्या पगाराचा निम्मा वाटा असला तरीही हे घडते. याबद्दल घरात कोणी तक्रार करत नाही आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे तसेच राहते. भिंती वाटण्याची सुरुवात येथूनच व्हायला हवी. दोन्हीकडील पूर्वजांची छायाचित्रे एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच उंचीवर, एकाच भिंतीवर लावता येतात. पूर्वजांसाठी दक्षिणेची भिंत असावी असा संकेत अनेक घरांत पाळला जातो. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांचे मन मोडण्याचे कारण नाही, कारण दक्षिणेच्या भिंतीवर दोन्ही घराण्यांना पुरेशी जागा असते.

उरलेल्या भिंतींचा हिशेब कपाटाच्या खणांप्रमाणे करावा. प्रवेशद्वारासमोरची आणि दिवाणखान्यातील मुख्य भिंत सामाईक. तेथे सर्वांच्या संमतीचे चित्र लावावे आणि संमती होईपर्यंत ती मोकळी ठेवावी. मोकळी भिंत हा दोष नाही, घाईने आणलेले चित्र हा दोष आहे. इतर प्रत्येक भिंत किंवा भिंतीचा तुकडा एकेका व्यक्तीच्या नावाचा. तेथे तिने काय लावावे यावर इतरांनी चर्चा करू नये. मुलाने क्रिकेटपटूचे भित्तिचित्र लावले तर ते त्याच्या खणातले आहे. मात्र एक सवलत प्रत्येकाला असावी, ती म्हणजे नकाराची. एखादे चित्र पाहून कोणाला खरोखरच त्रास होत असेल, मग ते युद्धाचे असो, नग्नाकृतीचे असो वा एखाद्या अप्रिय प्रसंगाची आठवण देणारे असो, तर वर्षातून एकदा कारण न देता ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकार असावा. वर्षातून एकदाच असल्यामुळे तो जपून वापरला जातो.

अमूर्त चित्रांवरून पिढ्यांत हमखास खटके उडतात. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना जगभर मान आहे आणि लिलावांत त्यांना कोट्यवधी रुपये मिळाले आहेत. तरीही त्यांची छापील प्रत पाहून घरातील ज्येष्ठांनी ‘हे ओल आलेल्या भिंतीसारखे दिसते’ असे म्हटले, तर त्यांना कलेतले कळत नाही असा निष्कर्ष काढू नये. अशा चित्राला शांत जागा, मंद प्रकाश आणि समोर बसायला खुर्ची लागते. टीव्हीच्या वर लावल्यास ते कोणालाही कळणार नाही.

लोककलेकडे सामाईक भिंतीसाठी मधला मार्ग म्हणून पाहिले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण तिची निवड डोळसपणे करावी. वारली चित्रे मुळात लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर रेखाटत. मध्यभागी चौक आणि त्यात पालघट देवी. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरी बाजारात ‘वारली’ म्हणून मिळणाऱ्या बहुसंख्य वस्तू यंत्रावर छापलेल्या असतात. हाताने काढलेल्या चित्रात रेषेची जाडी बदलते आणि कोणतीही दोन माणसे अगदी सारखी नसतात, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीची चित्रकथी अजून घरांच्या सजावटीत फारशी आलेली नाही. रामायण-महाभारतातील प्रसंगांची ही चित्रे ठाकर कलावंतांनी जपली असून त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आजीला त्यात कथा दिसते आणि नातीला रेषा. त्यामुळे सामाईक भिंतीवर एकमत होण्याची शक्यता येथे अधिक.

अस्सल चित्र विकत घेणे ही श्रीमंतांचीच मिरासदारी आहे, हा समज सोडायला हवा. मुंबईत १९५२ पासून सुरू असलेल्या जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली कामे मांडतात. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांची प्रदर्शने आणि १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन येथेही नव्या चित्रकारांची कामे पाहायला मिळतात. विद्यार्थ्याचे एखादे जलरंगातील निसर्गचित्र सोफ्याच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळू शकते. खरेदी करताना चित्रकाराचे नाव, माध्यम, आकार आणि वर्ष लिहिलेली पावती घ्यावी. चित्र विकत घेतले तरी त्याचे प्रताधिकार सामान्यतः चित्रकाराकडेच राहतात. त्यामुळे पुढे त्याच्या प्रती काढून विकता येत नाहीत.

वस्तू नेमकी कोणाची?

वाटणीचा विषय निघालाच आहे तर कायद्याची बाजूही ठाऊक असावी. लग्नात मुलीला मिळालेला पलंग, कपाट, भांडी वा चित्र हे तिचे स्त्रीधन असते. सासरच्या घरात सर्वजण ते वापरत असले तरी मालकी बदलत नाही. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे स्पष्ट केले आहे. फर्निचरची मागणी करणे हा तर १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. स्वेच्छेने दिलेल्या भेटींची यादी करून ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात. ही यादी फार थोड्या घरांत केली जाते. लग्नाच्या धामधुमीत ती मागणे अशुभ वाटते, आणि पुढे कधी गरज पडली तर पलंग कोणी दिला यावर दोन्ही घरांच्या साक्षी वेगवेगळ्या होतात.

भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्या तरुणांसाठी हा प्रश्न सोपा आहे, कारण तो रोखीचा आहे. फ्रिज एकाने, गादी दुसऱ्याने, टेबल तिसऱ्याने घ्यावे. चौघांनी वर्गणी काढून एकच सोफा घेतला तर पहिला माणूस घर सोडतो त्या दिवशी सोफ्याचा चौथा हिस्सा कसा काढायचा, यावर मैत्री तुटते. भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी करारनामा वाचावा. अनामत रकमेतून भोके बुजवण्याचा खर्च कापला जातो. चित्र टेबलावर भिंतीला टेकवून ठेवले तरी चांगले दिसते.

खिळा ठोकण्यापूर्वी

पावसाळा हा चित्रांचा शत्रू आहे. पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला ओल येण्याचा संभव अधिक, म्हणून कागदावरची चित्रे आतल्या भिंतींवर लावावीत. काच आणि कागद यांच्यात जाड पुठ्ठ्याच्या किनारीने थोडे अंतर ठेवले नाही, तर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग निघून येतो. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावले की मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. जलरंगातील चित्रावर थेट ऊन येता कामा नये, ते काही वर्षांतच फिके पडते. तैलचित्राला काच लागत नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकली की पुरे, ओले फडके कधीही फिरवू नये.

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण पाच फुटांखाली, ५७ ते ५९ इंचांवर यावा. सोफ्याच्या वर लावायचे असेल तर सोफ्याची पाठ आणि चौकट यांत सहा ते दहा इंच अंतर ठेवावे, आणि चित्राची रुंदी सोफ्याच्या सुमारे दोन तृतीयांश असावी. बहुतेक घरांत चित्रे फार उंच लावलेली असतात, कारण ती लावणारी व्यक्ती स्टुलावर उभी असते.

नव्या इमारतींतील हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा खिळा धरत नाही. तेथे छिद्र पाडून प्लॅस्टिकची गुटी बसवावी आणि त्यात स्क्रू फिरवावा. काँक्रीटच्या भिंतीला ड्रिल यंत्र लागते आणि सोसायटीच्या नियमानुसार ते दुपारच्या विश्रांतीच्या वेळी चालवता येत नाही. त्याआधी चित्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून ठरलेल्या जागी चिकटवावा आणि आठवडाभर तसाच राहू द्यावा. येता-जाता घरातील प्रत्येकाने तो पाहावा आणि हवे तर पेन्सिलीने त्यावरच ‘थोडे खाली’, ‘डावीकडे’ असे लिहून ठेवावे. आठव्या दिवशी कागद काढून भोक पाडावे.